उंबरठ्यावरचे शुल्क

विद्येचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा आचार्यांचा, ग्रंथांचा आणि मतमतांतरांचा इतिहास लिहितात. विद्यालयाच्या दाराशी चोपडी उघडून बसलेल्या कारकुनाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः विद्यार्थ्याची आणि विद्यापीठाची पहिली गाठ पडते ती या कारकुनापाशी. आचार्यांचे व्याख्यान मागाहून. आधी नाव, गाव आणि रक्कम. ही रक्कम बहुधा मोठी नसते. परंतु ज्याने वर्षाच्या मोठ्या शुल्काची तजवीज शिष्यवृत्तीने, कर्जाने किंवा घरातील किडूकमिडूक मोडून कशीबशी केली आहे, त्याला दाराशी अकस्मात् मागितलेली ही किरकोळ रक्कमच फार जड जाते. डोंगर चढून आलेला मनुष्य उंबरठ्याला अडखळतो, तशातला हा प्रकार होय.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील एका रूढीमुळे. त्या देशातील पुष्कळ विद्यापीठांत सत्रारंभापूर्वी नवागत विद्यार्थ्यांसाठी एक-दोन दिवसांचा परिचयवर्ग भरतो. त्यास तिकडे ‘ओरिएंटेशन’ म्हणतात. या वर्गाचा आरंभ बोस्टन विद्यापीठात १८८८ मध्ये झाला असे सांगतात, आणि रीड कॉलेजाने १९११ मध्ये त्यास अभ्यासक्रमात स्थान दिले असे म्हणतात. विद्यापीठाची ओळख करून देणे, विषयांची निवड करण्यास साह्य करणे आणि नावे नोंदविणे ही त्याची कामे. हेतू उत्तम आहे, यात संशय नाही. परंतु अनेक ठिकाणी हा वर्ग सक्तीचा असून त्याचे शुल्क निराळे द्यावे लागते; आईबाप बरोबर आल्यास त्यांचेही कित्येक ठिकाणी निराळे घेतात. गरीब विद्यार्थ्यास हे शुल्क माफ करण्याची सोय पुष्कळ विद्यापीठांनी ठेवली आहे. मात्र ती मागावी लागते. आणि जो आपल्या घराण्यातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्याला अशी काही सोय आहे हेच बहुधा ठाऊक नसते. परिचयवर्गाची सर्वांत अधिक गरज ज्याला, त्यालाच त्या वर्गाचे दार सर्वांत अरुंद, असा हा विलक्षण योग आहे.

हे मागणे आणि हे माफ करणे आजकालचे नव्हे. नोंदणीच्या चोपड्यांतून त्याचा माग निदान सहाशे वर्षे मागे जातो. तो माग काढीत गेले असता एक गोष्ट पुनःपुन्हा दृष्टीस पडते. शुल्काची माफी कधीच अगदी फुकट मिळालेली नाही. माफीचेही एक शुल्क असते. कोणत्या काळी ते शपथेच्या रूपाने भरावे लागले, कोणत्या काळी सेवेच्या, कोणत्या काळी पोशाखाच्या, आणि आमच्या काळी दाखल्याच्या. या दुसऱ्या शुल्काचा इतिहास हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडील जुना आदर्श या बाबतीत फार उंच होता. विद्या संपण्यापूर्वी शिष्याने गुरूला काहीही देऊ नये, असे मनूने स्पष्ट सांगितले आहे. वेतन घेऊन शिकविणाऱ्याची गणना त्याने श्राद्धास वर्ज्य अशा ब्राह्मणांत केली आहे. दक्षिणा द्यायची ती निरोपाच्या वेळी, प्रवेशाच्या वेळी नव्हे. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्साची कथा आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेच. तुझी भक्ती हीच दक्षिणा, असे वरतंतूने आधी सांगितले होते. शिष्याने हट्टच धरला तेव्हा संतापून त्याने चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मागितले. म्हणजे येथे शुल्क माफ करण्यास गुरू उत्सुक आणि भरण्यास शिष्य उत्सुक! काव्यात हे शोभून दिसते. व्यवहारात असे प्रसंग विरळाच.

व्यवहार कसा होता ते पाहावयाचे तर काव्याकडून जातककथांकडे वळले पाहिजे. तक्षशिलेस शिकावयास गेलेल्या काशीच्या राजपुत्राची हकीकत तिलमुट्ठि जातकात आली आहे. राजपुत्र पोहोचताच आचार्य त्याला विचारतो की, तू गुरूचा भाग घेऊन आला आहेस की सेवा करून शिकू इच्छितोस? राजपुत्र हजार नाण्यांची थैली त्याच्या पायाशी ठेवतो. त्या कथेवरून तेथे दोन प्रकारचे शिष्य असत असे दिसते. द्रव्य देणारे ते आचरियभागदायक. द्रव्य नसणारे ते धम्मन्तेवासिक. हे दुसरे दिवसा गुरूच्या घरचे काम करीत आणि रात्री शिकत. द्रव्य देणाऱ्यास मात्र घरातील वडील मुलाप्रमाणे वागवीत. दार दोघांसही उघडे होते हे खरे, आणि त्या काळच्या मानाने ही मोठीच गोष्ट. परंतु एकाच्या वाट्याला दिवस येई आणि दुसऱ्याच्या वाट्याला रात्र, हेही तितकेच खरे. सेवेच्या रूपाने घेतलेल्या दुसऱ्या शुल्काचे हे बहुधा फारच जुने उदाहरण असावे.

आता युरोपाकडे वळू; कारण आजच्या विद्यापीठांची घडी, नोंदणीची चोपडी, पदव्या व शुल्के यांसुद्धा, तेथूनच आपल्याकडे आली आहे. बाराव्या शतकात तेथील विद्या धर्मसंस्थेच्या आश्रयाखाली होती. ११७९ मध्ये रोम येथे भरलेल्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने असा नियम केला की, प्रत्येक मुख्य देवळाने एका अध्यापकाच्या निर्वाहाची सोय करावी, आणि त्याने तेथील धर्मसेवकांस व इतर गरीब विद्यार्थ्यांस फुकट शिकवावे. अध्यापनाचा परवाना देण्यासाठीही कोणी पैसा घेऊ नये. पुढच्याच वर्षी, ११८० मध्ये, जेरुसलेमच्या यात्रेहून परतलेल्या लंडनच्या एका गृहस्थाने पॅरिसच्या धर्मार्थ रुग्णालयातील एक खोली अठरा गरीब विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवविली. पॅरिसमधील महाविद्यालयांचा उगम या खोलीपाशी आहे. या अठरा मुलांकडून मोबदला काय घेत? तर रुग्णालयात कोणी मेला म्हणजे प्रेतापुढे क्रूस व तीर्थोदक घेऊन त्यांनी आळीपाळीने चालावे. पुढे १२५७ च्या सुमारास रॉबेर द सॉर्बों याने गरीब धर्मशास्त्राभ्यासकांसाठी जी वास्तू उभारली, तिचेच नाव पुढे सॉर्बोन म्हणून जगभर गाजले. ज्या संस्थांच्या नावांपुढे आज मोठमोठे श्रीमंतही नम्र होतात, त्यांतील कित्येकांचा जन्म गरिबांच्या सोयीसाठी झाला होता, हे विसरले जाऊ नये.

विद्यापीठ म्हणून जो संघ होता, त्याचे नोंदणीचे व पदव्यांचे शुल्क मात्र निराळे असे. पॅरिस येथे ते आकारण्याची रीत मोठी मनोरंजक होती. विद्यार्थ्याचा एका आठवड्याचा खर्च, घरभाडे व नोकराचा पगार वगळून जो येईल, त्यास ‘बुर्सा’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ पैशाची पिशवी. इंग्रजीतील ‘बर्सरी’ हा शिष्यवृत्तिवाचक शब्द त्याच कुळातला. शुल्क ठरावीक नाण्यांत न सांगता इतके बुर्सा असे सांगत. अर्थात् जो ऐषआरामात राही त्याचा बुर्सा मोठा आणि त्याचे शुल्कही मोठे. जो काटकसरीने राही त्याचे लहान. आणि जो केवळ निर्धन, त्यास माफी. आपला खर्च किती हे ज्याचे त्याने शपथेवर सांगायचे. ऐपतीप्रमाणे शुल्क हे तत्त्व आधुनिक अर्थशास्त्राने शोधून काढले अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी या पिशवीकडे एकवार पाहावे.

जर्मन प्रदेशात व्हिएन्ना, हायडेलबर्ग, कोलोन, लाइपझिग अशी विद्यापीठे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निघत गेली. त्यांच्या नोंदणीच्या चोपड्या आज छापून निघाल्या आहेत. त्यांत नावापुढे रक्कम लिहिलेली असते. आणि अधूनमधून रकमेच्या जागी एकच लॅटिन शब्द आढळतो, ‘पाउपेर’, म्हणजे गरीब. पंधराव्या शतकात अशा नोंदींचे प्रमाण शंभरांत पंधरा-वीसपर्यंत जात होते, असे त्या चोपड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिले आहे. कित्येक ठिकाणी माफी घेणाऱ्याकडून अशी शपथ घेत की, पुढे दैव उघडले म्हणजे मी हे शुल्क आणून भरीन. एका शब्दावर आणि एका शपथेवर विद्यापीठाचे दार उघडत होते, हे वाचून आजच्या विद्यार्थ्यास हेवा वाटेल. परंतु हा शब्द चोपडीत कायमचा राही. शिवाय त्याच चोपड्यांत दुसऱ्याही एका प्रकारची माफी आढळते. कोणा सरदाराचा मुलगा, कोणा धर्माधिकाऱ्याचा भाचा, कोणा प्राध्यापकाचा स्नेही, यांजकडून ‘सन्मानार्थ’ काही घेतले नाही, अशा नोंदी आहेत. गरिबास माफी मिळे ती दारिद्र्य कबूल करून. ओळखीच्या माणसास मिळे ती न मागता. हा दुसरा प्रकार अद्याप जगातून नाहीसा झालेला नाही, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

पण विद्यापीठाचे शुल्क माफ झाले तरी नवागताची सुटका होत नसे. त्याच्या उरावर आणखी एक शुल्क बसलेले असे, आणि आजच्या परिचयवर्गाच्या शुल्काचा पूर्वज म्हणून तेच अधिक जवळचे आहे. पॅरिसमध्ये नवीन विद्यार्थ्यास ‘बेजॉन’ म्हणत. पिवळ्या चोचीचे पाखरू असा त्याचा अर्थ. त्याने आल्याबरोबर जुन्या सोबत्यांस मेजवानी घातली पाहिजे, अशी रूढी पडली होती. ही मेजवानी कित्येकांस इतकी डोईजड होऊ लागली की, चौदाव्या शतकात विद्यापीठास नियम करून ही वसुली थांबविण्याचा प्रयत्न करावा लागला. जर्मनीत या रूढीने आणखी विचित्र रूप धारण केले. नवागत हा रानटी पशू आहे अशी कल्पना करून त्याच्या डोक्यावर शिंगे बसवीत, तोंडात लाकडी सुळे खुपशीत, मग करवतीने शिंगे कापून, सुळे उपटून, त्याला ‘माणसात’ आणीत. आणि या सर्व सोहळ्याचा खर्च त्याच्याच माथी मारीत. पुढे पुढे विद्यापीठांनी ही चाल मोडण्याऐवजी आपल्या हाती घेतली. तिच्यासाठी अधिकारी नेमला, शुल्क ठरविले, आणि हा संस्कार झाल्याखेरीज नावच नोंदवू नये, असेही कित्येक ठिकाणी ठरले. विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरसारखा पुरुषही या विधीत भाग घेई आणि आयुष्यातील दुःखे सोसण्याची ही तालीमच होय, असा त्याचा अर्थ लावी. अठराव्या शतकापर्यंत हा प्रकार कोठे ना कोठे चालू होता.

यातून घेण्यासारखा बोध असा. आरंभी जी गोष्ट सोबत्यांची थट्टा होती, ती पुढे रूढी झाली. रूढीची सक्ती झाली. सक्तीला शुल्क जडले. आणि शुल्क एकदा जडले म्हणजे ते कशासाठी आहे हे विचारण्याचे कोणास कारण उरले नाही. आजचा परिचयवर्ग या रानटी सोहळ्यासारखा मुळीच नाही. तो खरोखर उपयोगाचा आहे. परंतु उपयोगाच्या गोष्टीलाही सक्ती आणि शुल्क ही दोन्ही एकदम चिकटली म्हणजे तिचा उंबरठा होतो. सक्तीची असेल तर ती शिक्षणाचा भाग आहे. मग तिचे शुल्क निराळे का? आणि शुल्क निराळे असेल तर ती ऐच्छिक का नाही? हा प्रश्न पिवळ्या चोचीच्या त्या पाखरालाही विचारता आला असता.

इंग्लंडात ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे माफीचे दुसरे शुल्क पोशाखाच्या व चाकरीच्या रूपाने वसूल होई. तेथे विद्यार्थ्यांच्या पायऱ्या होत्या. उमरावांचे पुत्र, धनिकांचे पुत्र, मध्यम स्थितीचे विद्यार्थी आणि सर्वांत खाली गरीब विद्यार्थी. यांस केंब्रिजला ‘सायझर’ आणि ऑक्सफर्डला ‘सर्व्हिटर’ म्हणत. प्रवेशाचे शुल्कही या पायरीप्रमाणे कमीजास्त असे. सायझरने कमी शुल्क द्यावे किंवा मुळीच देऊ नये. त्याबद्दल श्रीमंत सोबत्यांची कामे करावी, जेवणाच्या वेळी वाढावे आणि त्यांचे झाल्यावर उरलेले आपण खावे. १६६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात याच खालच्या पायरीवर एका मुलाचे नाव लागले. त्याचे नाव आयझॅक न्यूटन. त्याची आई खाऊनपिऊन सुखी होती, तरी मुलाच्या शिक्षणावर हात सैल सोडण्यास ती राजी नसावी असे दिसते. तीन वर्षांनी त्यास शिष्यवृत्ती मिळाली आणि चाकरी सुटली; १६६९ मध्ये तो तेथेच गणिताचा प्राध्यापक झाला. यावरून ती पद्धत चांगलीच होती असे अनुमान काढणारे लोक आहेत. आम्हांस ते पटत नाही. न्यूटन त्या पायरीवरून वर चढला म्हणून ती पायरी योग्य ठरत नाही. त्या पायरीवरच ज्यांचे मन खचले त्यांची नावे इतिहासास ठाऊक नाहीत, इतकेच.

मन कसे खचते हे ऑलिव्हर गोल्डस्मिथने आपल्या अनुभवाने जाणले होते. तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सायझर होता. तेथील सायझरांस जाड्याभरड्या कापडाचा झगा आणि तांबडी टोपी घालावी लागे. म्हणजे चौकात पाऊल टाकताच हा माफीवाला हे सर्वांस कळे. पुढे आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रात, मुलगा मानी आणि अपमानाने व्याकूळ होणारा असेल तर दुसरा कोणताही धंदा मिळत असेपर्यंत त्यास तेथे धाडू नये, अशा अर्थाचा सल्ला त्याने दिला आहे. सॅम्युअल जॉन्सनची हकीकत याहूनही बोलकी आहे. तो सर्व्हिटर नव्हता. १७२८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात गेला तो साधा विद्यार्थी म्हणून. पण पैसा पुरेना. त्याचे जोडे इतके फाटले की पायाची बोटे बाहेर दिसू लागली. कोणा दयाळू मनुष्याने रात्री त्याच्या दाराशी नवे जोडे आणून ठेवले; जॉन्सनने ते संतापाने भिरकावून दिले. १७२९ च्या अखेरीस, सुमारे तेरा महिन्यांनी, तो पदवीवाचून निघून गेला. पुढे १७५५ मध्ये, त्याचा कोश प्रसिद्ध होण्याच्या सुमारास, त्याच विद्यापीठाने त्यास एम्. ए. ही पदवी मानपूर्वक दिली.

त्या जोड्यांची गोष्ट सांगून गर्विष्ठपणाचा दोष जॉन्सनच्या माथी मारणारे पुष्कळ आहेत. परंतु साह्य करणाऱ्यांनी या गोष्टीचा निराळा विचार केला पाहिजे. देणारा चांगला होता, जोडे चांगले होते, गरजही खरी होती. चुकली ती देण्याची रीत. तुझी फाटकी बोटे आम्ही पाहिली आहेत, एवढेच ते जोडे बोलत होते. तरुण मनाला दारिद्र्य सोसते, पण दारिद्र्याची दखल सोसत नाही. माफीच्या दुसऱ्या शुल्काचे खरे मोल येथे कळते.

पुढे या प्रश्नाला दोन नवी उत्तरे मिळाली. पहिले न्यूयॉर्क शहराने दिले. १८४७ मध्ये तेथील मतदारांनी कौल देऊन ‘फ्री अ‍ॅकॅडेमी’ ही संस्था स्थापन करविली; तीच पुढे सिटी कॉलेज झाली. गरिबांस माफी नव्हे, तर सर्वांसच विनाशुल्क शिक्षण, हे तिचे तत्त्व. श्रीमंत कोण व गरीब कोण हे विचारलेच नाही म्हणजे कोणास सांगावेही लागत नाही. बाहेरदेशांतून आलेल्या निर्धन कुटुंबांच्या कित्येक पिढ्या या दाराने आत गेल्या. १९७५ मध्ये शहराच्या तिजोरीवर संकट आले आणि १९७६ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एका शहराने हे चालविले, म्हणजे ते अशक्य नव्हते. आणि ते संपले, म्हणजे ते पैशावाचूनही चालत नाही. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

दुसरे उत्तर स्कॉटलंडात मिळाले. अँड्र्यू कार्नेगी या मूळच्या विणकराच्या मुलाने १९०१ मध्ये स्कॉटिश विद्यापीठांसाठी वीस लक्ष पौंडांचा निधी दिला. त्याच्या उत्पन्नातून स्कॉटिश विद्यार्थ्यांची शुल्के भरण्याची सोय केली. मौज अशी की, ज्यांना पुढेमागे ही रक्कम परत करावीशी वाटेल त्यांना तशी मोकळीकही त्याने ठेवली. परतफेडीची सक्ती नाही. पण परतफेडीचा मान आहे. गरिबाच्या अंतःकरणात मान नावाची वस्तू असते हे गरिबीतून वर आलेल्या दात्यास ठाऊक होते. जर्मन विद्यापीठांतील त्या जुन्या शपथेला येथे अधिक सौम्य आणि अधिक उदार रूप आले, असे म्हणता येईल.

आता आपल्या घराकडे पाहू. महाराष्ट्रात गेल्या शतकात ज्या पिढीने नाव काढले, तिच्यातील पुष्कळांचे शिक्षण माधुकरीवर, वारावर आणि भावाच्या पोटाला चिमटा देऊन झाले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील बंधू पंधरा रुपये पगारातून आठ रुपये धाकट्यासाठी धाडीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु माधुकरीची झोळीसुद्धा सर्वांस मिळत नव्हती. तिच्या दाराशी जात उभी होती. म्हणून ज्यांना झोळीही नव्हती, त्यांच्यासाठी बडोदे, कोल्हापूर आणि सातारा येथे काय झाले हे पाहिले पाहिजे.

सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांस मुंबईस शिकत असता दरमहा पंचवीस रुपये दिले आणि १९१३ मध्ये तीन वर्षांसाठी, दरमहा साडेअकरा पौंड देऊन, कोलंबिया विद्यापीठात पाठविले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्या काळी याहून मोठे औदार्य कोणी दाखविले नाही. तरी १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी बडोद्यास आलेल्या या विद्वानास राहण्यास जागा मिळाली नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यास परतावे लागले. राजाने विद्यापीठाचे दार उघडले. गावाने घराचे उघडले नाही. शुल्क भरले म्हणजे प्रवेश झाला असे नव्हे, हे आमच्या इतिहासाने शिकविलेले सत्य कोणत्याही पाश्चात्त्य चोपडीत इतक्या कठोरपणे नोंदलेले नसेल.

शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास १९०१ पासून वसतिगृहांची जी मालिका सुरू केली, तिच्यामागे हाच अनुभव होता. शुल्क माफ झाले तरी मुलाने झोपावे कोठे व जेवावे काय? तीच प्रेरणा पुढे भाऊराव पाटलांनी घेतली. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, आणि १९४७ मध्ये तेथेच महाविद्यालय काढून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत चालू केली. वरवर पाहता केंब्रिजचा सायझर आणि साताऱ्याचा विद्यार्थी यांची स्थिती सारखी दिसेल. दोघेही काम करून शिकले. परंतु अंतर फार मोठे आहे. सायझर श्रीमंत सोबत्याची चाकरी करी. साताऱ्याचा मुलगा शेतात, विहिरीवर, स्वयंपाकघरात सोबत्यांच्या बरोबरीने राबे. तेथे श्रम हा गरिबीचा शिक्का नव्हता, तर सर्वांचा नियम होता. दुसरे शुल्क तेही भरत. पण ते भरताना मान खाली जात नव्हती.

पुढे मुंबई राज्यात, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी शुल्कमाफी आली. ‘ई. बी. सी.’ ही तीन अक्षरे तेव्हापासून महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली, आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालय पाहिले नव्हते अशी लक्षावधी मुले तीमुळे शिकली. जातीवर नव्हे, तर उत्पन्नावर माफी देण्याचे हे तत्त्व आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालू आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लक्ष रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या आर्थिकदृष्ट्या व सामाजिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. राज्यसंस्थेने गरिबाची थैली आपण भरावी, हा विचार आता वादातीत झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु उंबरठा अद्याप शिल्लक आहे. शिकवणीचे शुल्क माफ झाले तरी ग्रंथालय, जिमखाना, अनामत, ओळखपत्र, नियतकालिक अशी किरकोळ शुल्के दाराशी उभी असतात. अध्यापक या नात्याने प्रवेशाच्या दिवसांत आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो की, मोठ्या रकमेपुढे मुलगा धीराने उभा राहतो आणि या किरकोळ रकमेपुढे गोंधळतो. कारण मोठ्या रकमेसाठी योजना आहे, अर्ज आहे, बाबूही आहे. लहान रकमेसाठी केवळ तो आणि त्याचा खिसा. आणि जेथे माफी आहे तेथे दाखला लागतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला जावे लागते, त्यासाठी बापाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते. एका बाजूने वाचलेले शुल्क दुसऱ्या बाजूने निसटते. मध्ययुगातील शपथ फुकट तरी होती!

यावर कोणी म्हणेल की, पुरावा न मागता माफी दिली तर लबाड लोक फायदा घेतील. घेतील, हे खरे. न्यूटनच्या आईचीच गोष्ट घ्या. ती काही निर्धन नव्हती. संस्थेजवळ पैसा मर्यादित असतो, आणि तो खऱ्या गरजूसच मिळावा ही इच्छाही न्याय्य आहे. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु त्याचे उत्तर रकमेच्या मानाने दिले पाहिजे. हजारो रुपयांच्या माफीसाठी दाखला मागणे योग्य ठरेल. दोन-तीनशे रुपयांच्या शुल्कासाठी चार कागद मागणे म्हणजे दाण्यासाठी पोते फाडणे होय. शिवाय एकदा एका कारणासाठी दिलेला दाखला त्याच संस्थेने प्रत्येक लहान शुल्कासाठी पुन्हा का मागावा? अमेरिकेतील काही विद्यापीठांनी येथे एक शहाणपणाची वाट काढली आहे. ज्या विद्यार्थ्यास सरकारी गरजाधिष्ठित साह्य मिळत आहे किंवा ज्याचे अर्जाचे शुल्क पूर्वीच माफ झाले आहे, त्याचे परिचयवर्गाचे शुल्कही त्याच आधारावर माफ होते. आणि अर्जाच्या शुल्कासाठी कित्येक ठिकाणी विद्यार्थ्याचा स्वतःचा शब्द प्रमाण मानण्याकडे कल आहे. सहाशे वर्षांपूर्वीची शपथ फिरून परत आली आहे. फक्त तिच्याबरोबर चोपडीतला तो कायमचा शब्द आलेला नाही.

एवढ्या इतिहासातून जो निष्कर्ष निघतो तो थोडक्यात असा. माफी किती दिली, हा अर्धा हिशेब. माफी मागताना मागणाऱ्याने काय दिले, हा दुसरा अर्धा. तक्षशिलेचा दिवस, प्रेतापुढचा क्रूस, डब्लिनची तांबडी टोपी, तालुक्याची खेप, ही सर्व त्या दुसऱ्या खात्यावर मांडली पाहिजेत. ज्या संस्थांनी हे दुसरे खाते कमी केले, न्यूयॉर्कने न विचारून, कार्नेगीने मान राखून, भाऊरावांनी सर्वांस एकाच कामाला लावून, त्यांच्या दाराने आत आलेल्या मुलांना आपण आत कसे आलो हे लपवावे लागले नाही.

आणि विद्यार्थ्यांस सांगावयाचे ते इतकेच की, मागण्यात कमीपणा नाही. ज्या चोपड्यांत ‘पाउपेर’ हा शब्द लिहिलेला आहे, त्याच चोपड्यांतून युरोपातील धर्मोपदेशक, वैद्य आणि न्यायाधीश निपजले. परंतु संस्थाचालकांस सांगावयाचे ते याहून थोडे अधिक आहे. माफीची सोय असेल तर ती शुल्काच्या पावतीवरच, शुल्काच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावी. जे संस्थेला आधीच ठाऊक आहे ते पुन्हा विचारू नये. आणि सक्तीच्या गोष्टीला निराळे शुल्क लावण्यापूर्वी पहिल्या दिवशी दाराशी येणाऱ्या मुलाचा खिसा एकदा डोळ्यांपुढे आणावा. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. पावती छापताना दोन ओळी अधिक लागतील, एवढेच.